एक्स-रे काढल्याशिवाय ब्रिजसाठी दात घासू देऊ नका, ताई

ताई, तुम्ही परभणीहून लिहिलंय की खालची पहिली दाढ काढलीय, आता तिच्या मागची दाढ आणि तिच्या पुढचा दात घासून, म्हणजे कोरून बारीक करून, त्यांच्यावर तीन दातांचा ब्रिज (एकत्र जोडलेल्या कॅप) करायचाय. पुढच्या दातात जुनं सिमेंट भरलेलं आहे आणि डॉक्टर म्हणतात, एक्स-रेची गरज नाही. ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, तुमचे दात पाहिलेले नाहीत, तेवढं धरूनच वाचा.

ब्रिज कशाचा, मेटल-सिरॅमिकचा की झिरकोनियाचा, यावर सगळे तासन्‌तास बोलतात. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. मधला दात खोटा असतो, त्याचा सगळा भार शेजारच्या दोघांवर येतो. त्यांची मुळं, हाड, आतली कीड आधी बघायला नको का?

माझाही पुढचा दात असाच भरलेला होता. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात एक्स-रे न काढताच तो घासला आणि ब्रिज आला त्याच दिवशी पक्क्या सिमेंटने बसवून टाकला. सुरुवातीला सगळं छान. मग भाकरीचा कडक पापुद्रा त्या बाजूला आला की ठणका लागायचा, फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) ओढला की घाण वास. दाखवायला गेलं की ब्रिज ठोकून बघायचे, ‘पक्का आहे’ म्हणायचे आणि दुखण्याची गोळी द्यायचे. दर वेळी हेच. कागद मागितले तर म्हणे आम्ही ठेवत नाही. माणूस पैसे मोजून, अर्धा दिवस मोडून येतो, त्याच्याशी हे असं वागणं! अजून संताप होतो.

शेवटी संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली, म्हणजे संसर्गाची खूण, दिसली. धातूच्या कॅपमधून क्ष-किरण पार जात नाहीत, म्हणून आतली कीड नंतर नीट दिसत नाही; जे बघायचं ते घासण्याआधीच. ब्रिज कापून काढावा लागला. आतला दात तपकिरी, ओल्या गुळासारखा मऊ, हत्याराला लागून निघत होता. तो काढावा लागला. एका दाताची फट दोनाची झाली आणि आता आधाराला सुळाही घासावा लागला.

म्हणून दोन्ही आधाराच्या दातांचा एक्स-रे आधी काढून घ्या आणि त्याची प्रत मोबाईलवर मागा. पुढच्या दाताला रूट कॅनॉल लागत असेल तर तेही आधीच. पक्कं करण्यापूर्वी ब्रिज काही दिवस कच्च्या, म्हणजे तात्पुरत्या सिमेंटवर ठेवता येईल का विचारा. प्रत्येक वेळी जमतं असं नाही. नाही म्हणणाऱ्यापेक्षा न चिडता कारण सांगणारा डॉक्टर निवडा.

तुमची मागची दाढ धडधाकट असेल तर इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताचा) खर्चही विचारून ठेवा. घासलेलं दाताचं आवरण परत येत नाही. इम्प्लांटला हाड पुरेसं लागतं, काही महिने जातात आणि शुगर असेल तर ती आटोक्यात हवी. कुणी पक्की खात्री देत असेल तर माझा तरी विश्वास बसत नाही.

ब्रिजच केलात तर खोट्या दाताखालून ओवायचा सुपरफ्लॉस मिळतो, साधा फ्लॉस तिथे वरून जात नाही. हुरड्याच्या दिवसांत तर रोज रात्री वापरा, दाणे नेमके तिथेच अडकतात.