'टेनिस एल्बो'ला मराठीत काय म्हणावे?

आरोग्यविषयक माहितीपत्रकाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'टेनिस एल्बो'साठी 'टेनिस कोपर' लिहावे, 'कोपराच्या स्नायूंची सूज' लिहावे, की 'कूर्परदाह'. मला यांपैकी एकही पर्याय पटत नाही.

'टेनिस कोपर'ची अडचण निव्वळ भाषेची आहे. इंग्रजीत अवयवाचेच नाव दुखण्याला चालते. मराठीत दुखणे बहुधा क्रियापदात असते. आपले डोळे येतात, तोंड येते, मान आखडते, पाठीत उसण भरते. 'त्याला टेनिस कोपर झाले' असे वाचले की बिचाऱ्याला तिसरे कोपर फुटल्यासारखे वाटते. लोक 'टेनिस एल्बो झाला' म्हणतात, तेव्हा त्यातला 'एल्बो' अवयव राहिलेला नसतो. तो रोग झालेला असतो आणि कोपराचे नपुंसकलिंग टाकून पुल्लिंगी झालेला असतो.

'स्नायूंची सूज' मात्र अर्थानेच चुकते, आणि तेही दोनदा. एक तर हे दुखणे स्नायूचे नाही, आणि दुसरे म्हणजे ती सूजही नाही; सुजेचे पुढे 'दाहा'बरोबर येईलच. आजच्या वैद्यकीय मराठीत स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला 'कंडरा' म्हणतात, आणि हे दुखणे त्या दोरीचे आहे.

मूठ आवळली की बोटे मिटवणारे स्नायू मनगटालाही आत ओढू पाहतात, आणि मनगट तसे वाकले तर पकड ढिली पडते. म्हणून मनगट वर उचलून धरणारे स्नायू त्याच क्षणी ताठ होतात. उजवी मूठ आवळून डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याखाली ठेवली, तर तिथला गोळा घट्ट झालेला हाताला लागतो. त्यातला एक आखूड स्नायू खाली मधल्या बोटाच्या मागे, तळहातातल्या हाडावर संपतो आणि त्याची वरची कंडरा त्या उंचवट्यात रोवलेली असते. डॉक्टर मधले बोट उचलायला सांगून वरून दाबतात, तेव्हा कळ कोपरात उठते ती यामुळे. हात सरळ आणि तळवा खाली असताना ही कंडरा तिच्याखालच्या हाडाच्या गोलाईवर घासते. भरलेला तांब्या वरून धरून उचलताना सणक येते, पण तळव्यावर पेलला तर तितकी येत नाही. टेनिसचा बॅकहँड मारताना नवख्याचे मनगट आत वाकलेले असते आणि ताठ होऊ पाहणारा स्नायू चेंडूच्या धक्क्याने उलट ताणला जातो. कंडरेला सर्वांत जड जातो तो हा प्रकार. पण धुणे पिळणे किंवा पेचकस फिरवणे दिवसचे दिवस चालले, तर तेही पुरेसे होते.

टेनिसचे नाव तसे उशिराच चिकटले. जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये हे दुखणे लिहिणाऱ्यांच्या हाताच्या संदर्भात नोंदवले होते. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची, आणि १८८३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'लॉन-टेनिस एल्बो' अवतरला. रुग्णांपैकी बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. आपल्याकडे तर हा शब्द घरोघरी पोचवला तो क्रिकेटने, २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचे डावे कोपर दुखू लागले तेव्हा.

राहिला 'कूर्परदाह'. कूर्पर प्राकृतातून झिजत 'कोपर' झाला. त्याला पुन्हा सोवळे नेसवण्याची गरज मला दिसत नाही. खरी हरकत 'दाह'ला आहे. नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकी शल्यविशारदांनी १९७९ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे जे वर्णन केले, त्यात दाहाच्या नेहमीच्या खुणा नव्हत्या. विस्कटलेले तंतू आणि त्यांत शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्या होत्या. कंडरा पुरती सांधण्याआधीच पुन्हा ताणली जात राहते, म्हणून हे दुखणे मुख्यतः झिजेचे ठरते. इंग्रजीतले शास्त्रीय नाव 'लॅटरल एपिकॉन्डिलायटिस' याच बाबतीत चुकलेले आहे, कारण त्यातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह असाच आहे, आणि 'दाह' लिहिला की ती चूक मराठीत येते.

तेव्हा माहितीपत्रकात 'टेनिस एल्बो' हेच नाव ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी 'कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेची झीज' असा खुलासा द्यावा. त्याच पत्रकात 'गोल्फर्स एल्बो'ही असेल, तर खुलाशात 'बाहेरच्या'ऐवजी 'आतल्या' एवढाच बदल करावा लागेल.