लेकीचा किल्ला आणि अकरावीचा अर्ज

परळच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीत. लहानपणापासून लेगोचं वेड. मावशीने परदेशातून आणलेले, वाढदिवसाला मिळालेले, शेजारच्या मोठ्या झालेल्या मुलांनी देऊन टाकलेले असे सगळे ब्लॉक्स एकत्र करून तिने स्वतःच्या कल्पनेतला एक किल्ला रचला आहे. समुद्रातल्या खडकावर तो उभा आहे, वर पंखवाल्या प्राण्यांना उतरायला माची आहे आणि खाली भरती आली की आपोआप बंद होणारा दरवाजा. ब्लॉक्स संपले तेव्हा उरलेला किल्ला तिने कॉम्प्युटरवर पूर्ण केला. भागांची संख्या सहा हजारांवर गेली. ‘हा सेट म्हणून दुकानात यायला हवा आणि मी मोठेपणी हेच काम करणार,’ असं ती म्हणते. वडिलांचं म्हणणं, आधी सायन्स घे, इंजिनीअर हो, मग खेळत बस. घरात टेबल एकच आणि ते सध्या किल्ल्याखाली. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: यात खरंच करिअर असतं का, अकरावीला काय घ्यावं, आणि तिला आणखी ब्लॉक्स आणून द्यावेत का.

ताई, पत्रासोबत पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. मुलीच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. पण तिने केलं आहे ते मॉडेल आहे, सेट नव्हे. मॉडेल करणाऱ्याला ते एकदा उभं राहिलं की पुरे. सेट दुसऱ्या कुणीतरी बांधायचा असतो. ते दहा वर्षांचं मूल तुमच्या लेकीला कधी भेटलेलं नसतं, तिच्या डोक्यातली गोष्ट त्याला माहीत नसते, आणि त्याच्या हातात फक्त भागांच्या पिशव्या आणि चित्रांची पुस्तिका असते. शिवाय त्या डब्यावर किंमत असते. या कामाचा पगार मिळतो तो एवढ्यासाठीच. म्हणून करिअरचा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा आणि आधी तिला या किल्ल्याचा सेट करायला सांगा. दहावीची परीक्षा झाली की सुट्टी आहेच. त्या कामात तिला काय आवडतं आणि कशाचा कंटाळा येतो, त्यावरून पुढची वाट माझ्या कुठल्याही चाचणीपेक्षा नीट कळेल.

पुढचं थोडं थेट तिच्यासाठी लिहितो. तिला वाचायला द्या.

बाळ, पहिलं काम काटछाटीचं. लेगो बनवणाऱ्या डेन्मार्कच्या कंपनीचा किल्ल्याचा पहिला मोठा गाजलेला सेट १९७८चा. पिवळ्या रंगाचा, भाग आठशेच्या आत, आणि तेवढ्यात १४ माणसं, घोडे आणि उचलता येणारा पूल. २०२२ साली मोठ्यांसाठी काढलेल्या सिंहाच्या झेंड्याच्या किल्ल्यात ४,५१४ भाग आहेत, पण तो डबा उचलायलाही बळ लागतं आणि विकत घ्यायला त्याहून जास्त. तू सहाशे भागांची मर्यादा घालून घे. सहा हजारांतून सहाशेवर येताना काय टाकायचं हे ठरवताना रडू येईल. येऊ दे. भरतीचा दरवाजा आणि माची, या दोन गोष्टींमुळे तुझा किल्ला इतर हजार किल्ल्यांपासून वेगळा ओळखू येतो. त्या राहिल्या पाहिजेत. मागची चार बुरुजांची रांग गेली तरी कुणाला चुटपूट लागणार नाही.

मग माप. ब्लॉकच्या डोक्यावरच्या दोन गोल उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ आणि पातळ प्लेटची ३.२. म्हणजे तीन प्लेटची एक वीट होते, हे तुला ठाऊक असणारच. पण पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन उंचवट्यांची रुंदी. भिंतीचा एखादा तुकडा आडवा वळवून बसवायचा, दगडाची खडबडीत चिरेबंदी दाखवायची, तर हाच हिशोब कामी येतो. हा हिशोब न करता बसवलेला तुकडा कॉम्प्युटरवर छान दिसतो आणि हातात घेतला की फाकतो.

तटबंदी तिरकी न्यायची असेल तर बिजागरीचे भाग लागतात, आणि तिरक्या भिंतीची दोन्ही टोकं खालच्या जाळीत चपखल बसायला हवीत. ती कुठे बसतील? तीन, चार, पाच. पायथागोरसचा काटकोन त्रिकोण. पाच, बारा, तेरा हाही चालतो. उंचवटे मोजताना मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर धर, नाहीतर एकाचा फरक पडतो. गणिताच्या बाईंना हे दाखव, त्या खूश होतील.

रंगांचं आणखी एक. सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही भागाला कुठलाही रंग देता येतो. कारखान्यात तसं नसतं. प्रत्येक भाग प्रत्येक रंगात निघत नाही, आणि नव्या आकाराचा भाग हवा असेल तर पोलादाचा नवा साचा लागतो, जो फार महाग पडतो. म्हणून डिझायनरला नवे भाग मोजूनमापून मिळतात. आहे त्यात भागवणं हा या धंद्याचा कणा आहे. ‘ब्रिकलिंक स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात कोणता भाग कोणत्या रंगात मिळतो ते दिसतं, आणि पायऱ्यापायऱ्यांची पुस्तिकाही तयार करता येते.

आता किल्ल्याबद्दल. तुझ्या फोटोत चार कोपऱ्यांत चार गोल मनोरे आणि मधोमध सरळ दरवाजा आहे. हे युरोपातलं चित्र आहे आणि ते लाखो मुलांनी काढलेलं आहे. तू चाळीच्या अंगणात दिवाळीला मातीचा किल्ला केला असशीलच. मग आपल्या गडांकडे का पाहिलं नाहीस? रायगडाचा महादरवाजा लांबून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मिठीत तो असा वळवून बसवला आहे की शत्रूला त्याच्यावर सरळ चालून जाता येत नाही, आणि हत्तीला धडक मारायला धाव घेता येत नाही. त्याला आपण गोमुखी रचना म्हणतो. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी, चिलखती तटबंदी आहे. जंग्या, म्हणजे तटातून मारा करायची भोकं, तिरक्या, खाली रोखलेल्या असतात. चोरदरवाजे असतात. कल्पनेतल्या किल्ल्यालाही अशी कारणं लागतात: हल्ला कुठून येतो, पाणी कुठून येतं, राणीला पळून जायचं झालं तर कुठून जाईल. भरतीच्या दरवाजाला तू हे कारण दिलं आहेस, म्हणून तो उत्तम झाला आहे. मनोऱ्यांना दिलेलं नाहीस. महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतला एखादा चढून ये. तेवढं जमलं नाही तर शीवचा किल्ला तुझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि वसईचा किल्ला लोकलच्या अंतरावर. वही घेऊन जा. मोबाइलवर फोटो काढले की माणूस बघत नाही.

हे सगळं झालं की पुस्तिका छाप, भाग पिशव्यांत भर आणि इमारतीतल्या एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला बांधायला बसव. तू शेजारी बस आणि एक शब्दही बोलू नकोस. ते कुठे अडलं, कुठे चुकीचा भाग घेतला, कधी उठून पाणी प्यायला गेलं ते लिहून ठेव. पायरी १४ला सगळीच मुलं अडत असतील तर दोष पायरीचा. आणि बांधून झाल्यावर खेळताना त्याची बोटं किल्ल्याच्या आत जातात का, तेही बघ. १९७८चा तो पिवळा किल्ला बिजागरीवर उघडायचा, तो याचसाठी.

ताई, पुन्हा तुमच्याकडे वळतो.

करिअर असतं का? असतं, पण ज्या नेमक्या खुर्चीकडे मुलगी बोट दाखवते आहे, तशा खुर्च्या जगात मोजक्या आहेत आणि त्यांच्यासाठी सगळ्या देशांतून अर्ज येतात. फक्त त्या एका खुर्चीवर आयुष्य बेतू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चाहत्यांनी आपली रचना पाठवायची एक रीत त्या कंपनीने ठेवली आहे: दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते, निवड झालीच तर कंपनीचे डिझायनर ती रचना नव्याने बांधतात आणि मूळ कल्पनेच्या मालकाला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो. २०२१चा मध्ययुगीन लोहाराच्या दुकानाचा सेट असाच एका चाहत्याकडून आला. दहा हजारांचा टप्पा गाठूनही परत गेलेल्या रचना मात्र पुष्कळ आहेत. अनुभव म्हणून तिने जरूर पाठवावी. वयाच्या आणि पालकांच्या संमतीच्या अटी तुम्ही आधी वाचा. हे उत्पन्नाचं साधन मात्र समजू नका.

पण वर सांगितलेल्या कामाचे तुकडे करून बघा. काटछाट, माप आणि भाग यांत ती रमली तर प्रॉडक्ट डिझाइन. दरवाजे, माच्या आणि वाटा यांत रमली तर आर्किटेक्चर, किंवा आपल्या मुंबईत ज्याला कधी तोटा नाही ते नाटक-सिनेमाचं नेपथ्य, किंवा व्हिडिओ गेममधली ठिकाणं उभी करण्याचं काम. पुस्तिकेच्या चित्रांत रमली तर इलस्ट्रेशन. आणि साचा कसा बनतो, ब्लॉक्सचं एबीएस प्लास्टिक त्यात कसं शिरतं आणि थंड होताना किती आकसतं, याची तिला ओढ लागली तर तिच्या बाबांना हवं असलेलं इंजिनीअरिंग आपणहून दारात येईल. प्लास्टिक किंवा टूल अँड डायच्या, म्हणजे साचे घडवणाऱ्या, माणसाला या शहराच्या आसपास काम मिळतं, आणि खेळण्यांच्या जगात साचा जाणणारा डिझायनर फार लवकर वर जातो.

भारतातली खेळण्यांची बाजारपेठ बदलते आहे. २०२० मध्ये आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, पुढे ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. इथे बनवणाऱ्यांना त्यामुळे वाव मिळाला. तरीही स्वतःचे डिझायनर पगारावर ठेवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे अजून थोड्याच आहेत. बरेच जण दुसऱ्यांची खेळणी पाहून साचे काढतात. तुमची मुलगी बाहेर पडेल तेव्हा चित्र बरं असेल असा माझा अंदाज आहे, हमी नाही.

अकरावीचं. डिझाइनच्या पदवीला सहसा शाखेची अट नसते. यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा पवईची आयआयटी घेते, आणि तिच्याच आवारातल्या आयडीसी या १९६९ साली सुरू झालेल्या डिझाइन शाळेत पदवीचा अभ्यासक्रम आहे. कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्याला ही परीक्षा देता येते. अर्ज साधारण ऑक्टोबरपासून, परीक्षा जानेवारीत, म्हणजे बारावीच्या ऐन धामधुमीत. प्रयत्न दोनच, तेही लागोपाठच्या वर्षांत. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी. खेळणी आणि गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांच्या गांधीनगरच्या आवारात आहे, पण तो पदवीनंतरचा, त्याची घाई आज नको. आर्किटेक्चरला मात्र गणित आणि भौतिकशास्त्र लागतं.

म्हणून माझा सल्ला: गणित जमत असेल तर सायन्स, गणितासह. एवढ्यात तिच्या बाबांशी भांडण मिटेल. पण त्यासोबत जेईईचा दोन वर्षांचा क्लास लावू नका. तो लावला की किल्लाही गेला आणि यूसीडही. सायन्स नको असं ती ठामपणे म्हणत असेल तर कॉमर्स, गणित ठेवून. आर्ट्सलाही माझा विरोध नाही, फक्त कॉमर्स असो की आर्ट्स, आर्किटेक्चर आणि साच्यांची वाट तिथे बंद होते हे तिला आधी सांगा, नंतर नको. ‘सगळं सोडून आत्ताच डिझाइन’ म्हणत बारावी टाळायचा विचार असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. शाळेत तिने एलिमेंटरी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिल्या आहेत का, ते पत्रात नाही. दिल्या नसतील तरी हाताने रेखाटायचा सराव आजपासून सुरू करा. यूसीडमध्ये कागदावर चित्र काढायचा वेगळा भाग आहे, आणि कॉम्प्युटरवर वाढलेली मुलं नेमकी तिथे अडखळतात.

राहिला ब्लॉक्सचा प्रश्न. नवे घेऊ नका. सहाशे भाग तिच्याकडे असलेल्या ढिगाऱ्यातून निघतील आणि टेबलही मोकळं होईल. त्याऐवजी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन बारीक मापं घ्यायचं एक साधं व्हर्निअर कॅलिपर घ्या. एकाच आकाराचे ब्लॉक्स घ्यायला सांगा: मावशीने आणलेला, शेजाऱ्यांकडचा जुना, आणि असेल तर फुटपाथवरचा नकली. तिन्हींची मापं मिलिमीटरच्या दशांशापर्यंत वहीत लिहू दे, आणि कोणता घट्ट बसतो, कोणता सैल, ते समोरच्या रकान्यात.