दरफाळणी म्हणजे काय गं, आई?

अश्दोद, इस्रायल, २० ऑगस्ट २०२६

प्रिय बाळ,

परवा तू फोनवर घाईघाईत विचारलंस, तेवढ्यात तुझी ड्यूटी लागली आणि बोलणं अर्धंच राहिलं. सिनेगॉगच्या, आपल्या प्रार्थनाघराच्या, ग्रुपवर मी टाकलेली सणांची यादी तू खोलीतल्या मैत्रिणीला दाखवलीस. तिने हिब्रू वाचलं आणि बाजूची मराठी अक्षरं बघून विचारलं, हे काय? तू मोठ्याने वाचून दाखवलंस, नव्याचा सण, दरफाळणी, शिळा सण, खिरीचा सण. आणि अर्थ विचारल्यावर तुला एकाचाही सांगता येईना. वर ती म्हणाली, की आपला मलिदा, ते पोहे-फळांचं ताट, हलाखात, म्हणजे ज्यू धर्मनियमांत, कुठेच नाही. "आई, ही नावं आपल्याच लोकांत, बेने इस्रायल ज्यूंतच का? दरफाळणी म्हणजे काय गं?"

हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडलीस तर मोठ्याने वाच, कानाला कळेल.

आधी ती यादीच घेऊ, म्हणजे सुट्टीचा अर्जही भरता येईल तुला. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, आपलं नवं वर्ष, शुक्रवारी ११ सप्टेंबरला संध्याकाळी लागतो. शनिवार-रविवार सण. पहिला दिवस नेमका शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, आलाय, त्यामुळे शोफार, ते मेंढ्याचं शिंग, फक्त रविवारी फुंकणार, तेव्हा रविवार चुकवू नकोस. सोमवारी १४ तारखेला नव्याचा रोजा, तुम्ही त्याला गदालियाचा उपास म्हणता. २० च्या संध्याकाळपासून २१ च्या रात्रीपर्यंत किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, तीच आपली दरफाळणी. २२ ला शिळा सण. २५ च्या संध्याकाळपासून सुक्कोत, मांडवांचा सण, आणि ३ ऑक्टोबरला सिम्हत तोरा, तोराच्या आनंदाचा दिवस. सेलिहोत, क्षमेच्या प्रार्थना, पहाटे साडेचारला सुरू आहेतच. सध्या मिनयान, प्रार्थनेला लागणारी दहा माणसं, कसाबसा जमतो, दहावा माणूस यायला पाच वाजतात, आणि तो आला की प्रार्थना म्हणणारे हझ्झान त्याच्याकडे असे बघतात की मला हसू आवरत नाही.

आता नावं. आपले पूर्वज कोकणात कधी आले ते नक्की कोणी सांगू शकत नाही. गोष्ट अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे ना तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, होती ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली, सुंता राहिली, खवले नसलेली मासळी घरात आणायची नाही हे राहिलं. बाकी सणांची मूळ नावं विसरली, पण त्या दिवशी काय करायचं ते हातांच्या लक्षात राहिलं. मग ज्या दिवशी जे करायचं, तेच त्या दिवसाचं नाव.

दरफाळणी म्हणजे दार लावून घेणं. त्या दिवशी आपली माणसं पांढरे कपडे घालून घरात बसायची, दारं बंद, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. किप्पूर हा शब्द ठाऊक नव्हता, पण आजचा दिवस जगाशी संबंध तोडून बसायचा आहे हे पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, गोरगरिबांना दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं, तो शिळा सण. तुझ्या मैत्रिणीच्या घरी किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी काही नसतं, आपल्याकडे त्यालाही नाव आहे. मला स्वतःला शिळा सणच जास्त आवडायचा, लहानपणी त्या दिवशी खिसा भरायचा.

पेसाहचं नाव आणखी गमतीचं आहे, अनाशी ढाकायचा सण. अनस म्हणजे घरातलं आंबट साठवायचं भांडं. आठ दिवस ते झाकून ठेवायचं, आंबवलेलं काही वापरायचं नाही. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडल्याची गोष्ट सांगायला हागादा, ती त्या रात्री वाचायची पोथी, नव्हती, पण भांड्यावर झाकण मात्र दरवर्षी पडत होतं. मराठी भाषांतर असलेली हागादा मुंबईत छापली गेली ती १८४६ मध्ये, आणि पुण्यातली १८७४ ची. पुण्याच्या हागादेत चित्रं आहेत.

गेल्या महिन्यात तू घरी नव्हतीस तेव्हा तिशा बआव झाला, तो आपला बिरड्याचा सण. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. माझी आजी सोलायला बसली की बोलत नसे. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक तिने कुठे वाचला नव्हता, तिला एवढंच ठाऊक होतं की या दिवसांत मटण वर्ज्य आणि शेवटी बिरडं. यंदा मी इथल्या दुकानातले ‘फूल’ नावाचे दाणे घेतले, फावा म्हणतात ते, आणि तेच सोलले. बिरडं झालं, पण वालाचा तो कडवटपणा नाही आला. त्यावर सगळ्या बायकांचं एकमत आहे.

एका सणाला मात्र आपल्याकडे मराठी नावच नाही, हानुक्का, दिव्यांचा सण. कारण तो आपल्याला माहीतच नव्हता, फार उशिरा बाहेरच्या ज्यूंकडून कळला. त्यावरून काही लोक अंदाज बांधतात की तो सण सुरू होण्याआधीच आपले लोक देश सोडून निघाले असावेत. मी त्यावर पैज लावणार नाही. पण नाव नसणं हीसुद्धा एक खूण असते, एवढं मैत्रिणीला सांग.

आणि नावं फक्त कामांवरून पडली असंही नाही, शेजाऱ्यांकडूनही आली. पुरीमला आपण होळीचा सण म्हणतो, कारण दोन्ही एकाच सुमाराला येतात. आपलंही वर्ष चंद्रावर चालतं आणि हिंदूंचं पंचांगही, दोघांनाही मधूनमधून अधिक महिना घालावा लागतो. येत्या वर्षी आपल्याकडे अदार हा महिना दोनदा आहे, म्हणून पुरीम २३ मार्च २०२७ ला, होळीला अगदी लागून. यंदा नव्याच्या रोजाच्या दिवशीच तिकडे गणपती बसणार आहेत. आम्ही ठाण्याला असताना असा योग आला की शेजारच्या काकू मोदकाचं ताट घेऊन यायच्या आणि आई म्हणायची, "ठेवा, रात्री खातो." त्यांना कधी सांगावं लागलं नाही का ते.

एलूल महिन्याच्या उपासांना रमजान म्हणायचं, उपासाला रोजा म्हणायचं, आणि सिनेगॉगला जुनी माणसं मशीदच म्हणत. हे मुसलमान शेजाऱ्यांकडून आलं. मुंबईत मांडवीला शार हारहमीम आहे, १७९६ चं, आपल्या लोकांचं पहिलं सिनेगॉग. त्याच्यावरूनच मशीद स्टेशनाचं नाव पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बांधलं सामाजी हसाजी दिवेकरांनी, इंग्रजांच्या पलटणीतले. टिपूच्या कैदेत सापडले होते. गोष्टीत सांगतात की हे बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली करून त्यांना वाचवलं, आणि सुटून आल्यावर त्यांनी नवस फेडला तो सिनेगॉग बांधून.

नवसावरून आता मलिद्याकडे येते, कारण तुझा खरा सल तिथे आहे हे मला कळलं.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, आणि बाजूला पाच तऱ्हेची फळं. घरात काही चांगलं होणार असेल किंवा होऊन गेलं असेल, लग्न ठरलं, नवी जागा घेतली, आजारातून कोणी उठलं, की ताट भरायचं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, गाणं म्हणायचं, प्रत्येक फळावर त्याची त्याची बराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणायची आणि मग वाटायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्याच्यावर एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत असं आपले लोक मानतात. तू बि'श्वातला, झाडांच्या सणाला, तिथे आपला एलियाहू हन्नाबीचा उरूस. मी नऊ वर्षांची असताना टेम्पोतून गेलो होतो, सगळ्या वाटेत आजीने फळांची टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. खडकाच्या खुणा मला काही दिसल्या नाहीत, पण "दिसल्या" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हलाखात मलिदा नाही, हे तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे. बराखा आहेत, फळं आहेत, एलियाहू आहे, फक्त ते सगळं एका ताटात घालून वर पोहे घालायचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण तिच्या आजीचं घर मोरोक्कोचं ना? मग पेसाह संपला त्या रात्री त्यांच्याकडे मिमूना असते, मुफलेता, म्हणजे पातळ पोळ्या, करतात, दारं उघडी टाकून अख्ख्या गल्लीला बोलावतात. तू मागच्या वर्षी तिच्याकडे जाऊन आठ मुफलेता खाल्ल्यास. ते कुठल्या पानावर लिहिलंय, विचार तिला. भांडू नकोस, हसत विचार.

एक सांगायचं राहिलं, तुला कदाचित शाळेत कोणी सांगितलं नसेल. आपले पहिले लोक इथे आले तेव्हा त्यांच्याकडे ज्यू म्हणून संशयाने बघणारे होते, लग्नं लावायला नकार दिला गेला. त्यावर आपल्या लोकांनी आंदोलन केलं, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये क्नेसेतने, इथल्या संसदेने, ठराव करून सांगितलं की हे सगळ्या अर्थाने ज्यू आहेत. त्या दिवसांत काही घरांनी मलिदा बंद केला, मुलांशी मराठी बोलणं बंद केलं. माझ्या मावशीनेही केलं होतं. तिला मी दोष देत नाही. पुढे साठीला आल्यावर तिने मलाच फोन करून विचारलं, पोहे जाडे घ्यायचे की पातळ?

आता कामाचं. यंदा महिला मंडळाने चिकाचा हलवा घरी करायचं ठरवलंय, विकतचा नाही. गहू मंगळवारी ८ तारखेला भिजत घालणार, शुक्रवारी सकाळी वाटून चीक काढणार आणि नारळाच्या दुधात शिजवणार. शब्बाथ लागायच्या आत सगळं आटपायला हवं, आणि चीक दोन-अडीच तास हात न थांबवता ढवळावा लागतो, नाहीतर गाठी होतात. गेल्या वर्षी कोणीतरी कॉर्नफ्लॉवर घालून वेळ वाचवला, त्याच्यावर अजून चर्चा चालू आहे.

किद्दुशसाठी, सणाच्या आशीर्वादाच्या पेल्यासाठी, मनुकांचं सरबत मी करणार. सुक्कोतच्या मधल्या दिवसांत सुक्कामध्ये, त्या मांडवात, मराठी कीर्तन आहे. ही प्रथा १८८० च्या आसपास आपल्या लोकांनी सुरू केली, हिंदू हरिदासांचं कीर्तन बघून. तेच ढंग, तीच साकी-दिंडी, फक्त कथा तोरातल्या योसेफची किंवा मोशेची. यंदा योसेफ आहे. तबल्याला माणूस मिळालाय, टाळ धरायला कोणी नाही, मी तुझं नाव दिलंय.

तू बि'श्वात जानेवारीत २३ तारखेला, शनिवारी. शब्बाथमध्ये काही करता येत नाही, म्हणून मलिदा रात्री शब्बाथ मावळल्यावर ठेवलाय. मैत्रिणीला घेऊन ये. आपल्याकडे हात बोशी करतात हे तिला आधी सांगून ठेव, नाहीतर म्हाताऱ्या बायका तिचा हात हातात घेऊन मग स्वतःची बोटं ओठांना लावायला लागल्या की घाबरेल.

आणि तू ११ तारखेला येणार असशील तर संध्याकाळी उगवू नकोस, सकाळच्या गाडीने ये. पातेलं मोठं आहे आणि ढवळायला आम्ही चौघीच आहोत. पांढरा ड्रेस कपाटात डाव्या बाजूला इस्त्री करून ठेवलाय, दरफाळणीचा.

तुझी,
आई