आईच्या डोळ्यात एक इंजेक्शन झालं, फरक काहीच नाही. पुढची घ्यायची का?

घ्यायची. ओसीटी (डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, जाडी मोजणारा स्कॅन) बघून डॉक्टर थांबा म्हणाले तरच थांबा, आईला 'अजून धुरकटच दिसतं' म्हणून नको. तुम्ही लिहिलंय की मधुमेहामुळे पडद्याला सूज आहे, ठाण्यातल्याच दोन दवाखान्यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि आई सुईला घाबरली आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. कोपरीत राहते, दोन्ही डोळ्यांत हीच इंजेक्शनं घेते.

साखरेमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. प्राणवायू कमी पडला की पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतो, त्याने वाहिन्या पाझरतात आणि पाणी नेमकं मॅक्युलात, म्हणजे वाचायच्या जागी, साठतं. इंजेक्शनातलं औषध त्या प्रथिनाला अडवतं, पण काही आठवड्यांत ते ओसरतं. मूळ बिघाड मात्र तसाच असतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने दर महिन्याला, मग अंतर वाढवत, असा क्रम असतो. एका डोसवरून निकाल लावण्यात अर्थ नाही. आधीचा आणि नंतरचा ओसीटी शेजारी ठेवून पडद्याच्या जाडीचा मायक्रॉनमधला आकडा किती उतरला ते विचारा. माझी सूज उतरायला लागली तेव्हा नजर तपासायच्या तक्त्यावरची एक ओळही वाढली नव्हती.

आता किंमत. स्वस्त म्हणजे बहुधा बेव्हासिझुमॅब. हे मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी लेबलबाहेर, म्हणजे मंजुरी नसलेल्या कामासाठी, वापरलं जातं. 100 मिलिग्रॅमच्या बाटलीतून 1.25 मिलिग्रॅमचे डोस काढतात, म्हणून परवडतं. खास डोळ्यासाठी बनवलेली म्हणजे रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट वगैरे. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती 2015 पासून मिळते, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त. त्याच वर्षी अमेरिकेत बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या तिन्हींची मधुमेहाच्या सुजेवर तुलना छापून आली. नजर थोडीच कमी असेल तर तिन्ही जवळपास सारखी. 6/15 (निरोगी डोळ्याला 15 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून वाईट असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट पुढे. तेव्हा आईची नजर किती आहे ते आधी कागदावर बघा, मग पैशांचं ठरवा. स्वस्त औषध घेताना एकच विचारा: बाटलीतून डोस कुठे आणि किती निर्जंतुक वातावरणात भरतात? या प्रश्नावर चिडणाऱ्या ठिकाणी मी तरी डोळा देणार नाही. आणि महागडं एक घेऊन पुढची चुकवण्यापेक्षा परवडणारं नियमित घेतलेलं बरं, हे माझं मत.

सुईबद्दल आईला खरं ते सांगा. थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडीनने धुतात, पापण्यांना चिमटा लावतात आणि बुबुळाच्या कडेपासून साधारण 4 मिलिमीटरवर पांढऱ्या भागात टोचतात. समोरून सुई येताना दिसत नाही. काही सेकंदांत संपतं. खरा त्रास आयोडीनचा: संध्याकाळपर्यंत डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. एखादा काळा बुडबुडा तरंगताना दिसला किंवा पांढऱ्यावर लाल डाग पडला तरी घाबरू नका, तो आपोआप जातो. पण नंतरच्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लाल होत गेला किंवा नजर घसरली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रविवार असला तरी. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तास मोजावे लागतात.

आईला अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बऱ्याच डोसांनंतरही सूज हटली नाही तर औषध बदलतात किंवा डोळ्यात स्टेरॉईड ठेवतात. त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो.

विमा असेल तर पॉलिसीत 'इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन' (डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन) शोधा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019 च्या सूचनांनुसार ते सरसकट वगळता येत नव्हतं, मर्यादा मात्र घालता येत होती. तुमच्या पॉलिसीत मर्यादा किती, हे पुढच्या तारखेआधी लेखी मागवून घ्या.