सगळीकडं 100 एमबीपीएस सेट केलंय, तरी 4जी साइटवर कडक उन्हात पण 10-12 च मिळतंय, नक्की कुठल्या बॉक्सात बघायचं?

मी साताऱ्याचा, टॉवरच्या लिंकची कामं बरीच वर्षं केलीत, आणि तुम्ही म्हणताय अगदी तसलीच एक साइट पाटणच्या बाजूला मला नडली होती. सिमच्या प्रोफाइलला 100, राउटरला 100, रेडिओला (टॉवरची बिनतारी लिंक चालवणारा बॉक्स) 100, आणि डाउनलोड लावलं की 10-12. पिंग एकदम मख्खन, त्यामुळं कोरवाले (मधलं मुख्य नेटवर्क सांभाळणारे) म्हणायचे रेडिओ बघा, रेडिओवाले म्हणायचे कोर बघा, आणि माझ्या त्या घाटात नुसत्या फेऱ्या.

शेवटी शेल्टरच्या पायरीवर बसून लॅपटॉप लावला न पोर्टचे काउंटर बघितले. राउटरकडं सीआरसी एरर (खराब होऊन आलेली पाकिटं), रेडिओकडं लेट कोलिजन (पाकिटांची उशिरा होणारी टक्कर), दर रिफ्रेशला आकडा वाढतोय. झालेलं काय, तर राउटरचा पोर्ट कुणीतरी 100 फुल डुप्लेक्सला (एकाच वेळी पाठवणं न घेणं) फिक्स करून ठेवलेला आणि रेडिओचा ऑटोवर. ऑटोवाल्याला समोरनं निगोशिएशन (स्पीड न डुप्लेक्स आपसात ठरवणं) मिळालं नाही की तो सिग्नलवरनं 100 तेवढं ओळखतो पण डुप्लेक्स कळायला मार्ग नसतो म्हणून हाफ (एका वेळी एकच) धरतो. आकडा दोन्हीकडं 100 च दिसतो, तिथंच माणूस फसतो. पिंगचं पाकीट बारकं, एकटंच जातं, लोड आला की मग बोंब. दोन्ही टोकं ऑटोला टाकली, लगेच 90 च्या वर.

पोर्ट स्वच्छ निघाले तर एएमबीआर (ग्राहकाला लावलेली कमाल स्पीडची मर्यादा) बघा. एचएसएसमध्ये (ग्राहकांची माहिती ठेवणारा सर्व्हर) दोन असतात, यूईचा (म्हणजे फोनचा) आणि एपीएनचा (फोनच्या त्या डेटा कनेक्शनचा). यूईचा ईनोडबी (4जीचं बेस स्टेशन) पाळतो, एपीएनचा पीजीडब्ल्यू (कोरमधला इंटरनेटकडं जाणारा गेटवे). आणि एमएमई (कोरमधला फोनची नोंदणी न कनेक्शन सांभाळणारा बॉक्स) ईनोडबीला यूईचा आकडा जसाच्या तसा देत नाही, तो आणि चालू एपीएनच्या आकड्यांची बेरीज यात जे कमी ते देतो. म्हणजे यूईचा 100 केला न एपीएनचा 20 च राहिला तर बसा बोंबलत. बदल केल्यावर फोन एकदा एअरप्लेन मोडला टाकून काढा, मगच टेस्ट घ्या.

आमच्याकडं कोयनेच्या पट्ट्यात पावसात तिसरंच व्हायचं, रेडिओ 256 क्वामवरनं क्यूपीएसकेला (सिग्नलवर बिट चढवायच्या पद्धती, पहिली जलद, दुसरी हळू पण दणकट) उतरला की एका सिम्बॉलला 8 बिटचे 2 होतात म्हणजे लिंक चौथाईवर, आणि राउटरचा शेपर (बाहेर जाणाऱ्या स्पीडला आवर घालणारी सेटिंग) आपला 100 च ढकलतोय. पण तुमचं कडक उन्हात पण होतंय म्हणताय, म्हणजे हे नसणार. आधी दोन्ही टोकांचे काउंटर क्लिअर करा न मोठी फाइल डाउनलोडला लावून दहा मिनिटांनी परत बघा, काय दिसतंय ते इथं टाका.