१९८०च्या दशकातले जपानी मुलींचे बँड खरे होते की कंपनीने जमवलेले?

तुमचे प्रश्न दोन आहेत. त्या मुली स्वतः वाजवायच्या-लिहायच्या, की कंपनीने चेहरे बघून उभ्या केल्या होत्या? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

वाजवायच्या स्वतःच. जमवलेल्यांचं म्हणाल, तर त्या काळातला सगळ्यात यशस्वी बँड चक्क ऑडिशन घेऊन जमवलेला होता, आणि तरी माझ्या मते त्याच्याइतकी स्वतःची गाणी त्या वेळच्या फार थोड्या बँड्सकडे होती.

तो म्हणजे प्रिन्सेस प्रिन्सेस. जपानी लोक लाडाने ‘पुरीपुरी’ म्हणतात. ज्या टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर आपल्याकडे लोकांनी हौसेने गाणी भरून घेतली, त्याच टीडीकेच्या रेकॉर्ड कंपनीने १९८३ मध्ये ऑडिशनमधून पाच मुली निवडल्या. त्यांचं नाव ठेवलं आकासाका कोमाची. थोडं आयडॉल (कंपनीने घडवलेला गोड चेहऱ्याचा पॉप कलाकार), थोडं बँड असं काहीतरी कंपनीच्या डोक्यात असावं. ते चाललं नाही. मध्ये आणखी एक नाव बदलून झालं, आणि १९८६ मध्ये त्याच पाच जणी प्रिन्सेस प्रिन्सेस म्हणून सीबीएस सोनी ह्या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

आता गाणी कोणाची ते बघा. चाली मुख्यतः गायिका काओरी ओकुईच्या. शब्द कधी गिटारवादक कानाको नाकायामाचे, तर कधी ड्रमर क्योको तोमिताचे. ‘डायमंड्स’ हे ओकुई-नाकायामा जोडीचं गाणं १९८९ मध्ये जपानच्या ओरिकॉन ह्या खपाच्या यादीत वर्षातलं पहिल्या क्रमांकाचं सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) ठरलं. दुसऱ्या क्रमांकावर कोण? पुन्हा ह्याच. त्यातही मजा अशी, की ते दुसरं गाणं (‘जगातला सगळ्यात तापलेला उन्हाळा’ असा काहीसा अर्थ) १९८७ मध्ये एकदा येऊन गेलं होतं आणि फारसं कोणी विचारलं नव्हतं. निप्पोन बुदोकान ह्या तोक्योच्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदा कार्यक्रम केलेला मुलींचा बँडही हाच, तेही १९८९ मध्येच.

पण माझं आवडतं गाणं ‘डायमंड्स’ नाही. त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूला ‘एम’ आहे, ते. प्रेम तुटलंय, आणि मुलगी पत्त्यांच्या वहीतल्या ‘एम’च्या पानावरून नुसतं बोट फिरवत बसली आहे. त्याचं नाव तिला खोडवत नाही. एवढंच. शब्द ड्रमर तोमिताचे आहेत. ओकुईचा आवाज जरा खरखरीत, त्यामुळे गाणं रडकं होत नाही. सिंगलच्या दुसऱ्या बाजूला टाकलेलं हे गाणं आज जपानी कराओकेत हमखास गायलं जातं. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मंडळींना मी नेहमी हेच ऐकायला सांगतो. शब्द सोपे आहेत.

दुसरं टोक म्हणजे शो-या. १९८१ मध्ये जमलेला हा हार्ड रॉकवाला बँड, गायिका केइको तेरादा. पाच जणींत तिघींचं नाव मिकी, म्हणून मग एक सनगो, एक कॅप्टन आणि एक मित्तान. ह्यांच्याकडे बघून कोणी ‘जमवलेल्या’ म्हणणार नाही. पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘गेनकाई लव्हर्स’ (१९८९) बाहेरच्यांनी लिहिलेलं आहे: शब्द योशिहिको आंदोचे, चाल मासानोरी सासाजीची. आणि हाच सासाजी पुरीपुरीच्या रेकॉर्डचाही निर्माता! म्हणून सांगतो, बँड जमला कसा ह्यावरून गाणी कोणाची ते ठरवू नका.

शो-याचं मोठं काम वेगळंच आहे. १९८७ मध्ये तोक्योच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर त्यांनी ‘नाओन नो याओन’ हा महोत्सव सुरू केला. मंचावर फक्त बायका. जपानचा नोकरीतल्या समान संधीचा कायदा जेमतेम वर्षभरापूर्वी, एप्रिल १९८६ मध्ये लागू झाला होता. ह्या दोन गोष्टींचा थेट संबंध लावणं धाडसाचं होईल, पण हवा तीच होती. तेरादा १९९१ मध्ये बाहेर पडली; २००५ मध्ये त्या पुन्हा एकत्र आल्या.

पुरीपुरी १९९६ मध्ये थांबली. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर मदतीसाठी फक्त २०१२ पुरती पुन्हा उभी राहिली. त्या पैशातून सेंदाईमध्ये कार्यक्रमांसाठी एक सभागृह बांधलं गेलं, ते २०१६ मध्ये उघडलं आणि तिथे ह्याच पहिल्यांदा वाजवायला गेल्या.

तर क्रम असा धरा: ‘एम’, मग ‘डायमंड्स’, मग ‘गेनकाई लव्हर्स’. हे फार चकचकीत वाटलं तर सरळ ओसाकाला या. नाओको आणि आत्सुको यामानो ह्या बहिणी आणि मिचिए नाकातानी, शोनेन नाइफ, १९८१. सुरुवातीला वाजवणं अगदी कच्चं, गाणी आइस्क्रीम, जेली असल्या खाऊवर. जपानमध्ये पुरीपुरीच्या पासंगालाही पुरल्या नाहीत, पण १९९१ मध्ये निर्वाणा ह्या अमेरिकन रॉक बँडने ब्रिटनच्या दौऱ्यावर आपल्या आधी वाजवायला ह्यांना नेलं, कारण निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन ह्यांचा पक्का चाहता होता. शोनेन नाइफचा ‘बर्निंग फार्म’ हा अल्बम लावा.