सज्ञान माणसाचं पालकत्व : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून माझे पती कोमात आहेत. बँक खातं, मुदतठेवी, फ्लॅट सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आजारापूर्वी त्यांनी मला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं, पण बँक ते मानत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : बँकेचं बरोबर आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की करार कायद्याच्या कलम २०१नुसार ते संपतं, मग ते नोंदणीकृत का असेना. नामनिर्देशन मृत्यूनंतरच लागू होतं. १८९०चा पालकत्व कायदा फक्त अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी आहे. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला पालक आणि मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येत असे. २०१७च्या कायद्याने ती सोय काढून टाकली, बदल्यात काहीच दिलं नाही. त्यामुळे कोमातल्या माणसासाठी उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६खाली रिट याचिका करणं हाच रुळलेला मार्ग आहे. सातारकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे.

वकिलांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, न्यूरॉलॉजिस्टचं ताजं प्रमाणपत्र, विवाहाचा दाखला आणि पतींच्या आई-वडिलांसह सर्व जवळच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं न्या. एखाद्या दिराची सही राहिली, तर तारखा वाढतात. न्यायालय बहुधा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतं आणि महसूल यंत्रणेकडून घरची व मालमत्तेची चौकशीही. केरळ उच्च न्यायालयाने २०१९मध्ये घालून दिलेली ही पद्धत मुंबई उच्च न्यायालयानेही आधाराला घेतली आहे.

खरी गोची मालमत्तेच्या यादीत होते. आदेशात खाते क्रमांक, ठेवपावती, म्युच्युअल फंडाचा फोलिओ, डिमॅट खातं, विमा पॉलिसी नेमकी लिहिलेली नसेल, तर बँकेचा कायदा विभाग कागद परत पाठवतो. म्हणून यादी पूर्ण द्या आणि पुढे सापडणाऱ्या मालमत्तेचाही उल्लेख मागून घ्या. फ्लॅट विकायचा किंवा गहाण ठेवायचा असेल, तर तशी परवानगी याचिकेतच स्वतंत्रपणे मागा. नुसतं ‘पालक नेमावं’ एवढ्यावर दुय्यम निबंधक दस्त नोंदवेल, अशी आशा धरू नका.

तोवर पतींचं एटीएम कार्ड किंवा ओटीपी वापरून पैसे काढण्याचा मोह टाळा. घरोघरी हेच चालतं, पण उद्या नातेवाइकांत वाद झाला की त्यालाच अफरातफर म्हणतात. नेमणूक झाल्यावर औषधं, नर्स, डायपर, फिजिओथेरपी यांची बिलं वेगळी जपा. न्यायालय ठरावीक काळाने हिशेब मागू शकतं. आयकर पोर्टलवर ‘प्रतिनिधी करदाता’ (पतींच्या वतीने कराचं काम पाहणारा) म्हणून नोंदही करा.

प्रश्न : मुलगी वीस वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचं खातं चालवायला बँक पालकत्वाचं प्रमाणपत्र मागते. आम्हालाही हायकोर्टात जावं लागेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखालची स्थानिक स्तर समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि वयाचा पुरावा घेऊन तिच्याकडे अर्ज करा. पालक खरोखर हवा का आणि कोणत्या कामांसाठी, हे समिती पाहते, म्हणून अर्जात बँक, पेन्शन, उपचार अशी कामं स्पष्ट लिहा.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब द्यावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : आईला डिमेन्शियाची सुरुवात आहे, अजून तिला सगळं समजतं. आत्ता काय करून ठेवावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आईची खाती तुमच्यासह संयुक्त, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीची करून घ्या. मुदतठेवी मुदतीआधी मोडायला मात्र बँक दोघांच्याही सह्या मागते, हे लक्षात ठेवून काही रक्कम बचत खात्यातच असू द्या. मृत्युपत्र करायचं तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार साध्या कागदावर सही करून आई आपला प्रतिनिधी नेमू शकतात. हा प्रतिनिधी उपचारांपुरताच. पैशांच्या व्यवहारात त्याला अधिकार नाही.